बुडण्याचा वेग आणि बांधणाऱ्याचा हात

पाण्यात टाकलेली वस्तू तरते की बुडते, हा प्रश्न आपण लहानपणी विचारतो, आणि शाळेत त्याचे उत्तर एकदा मिळाले म्हणजे तो विषय संपला असे समजतो. परंतु बुडणारी वस्तू किती वेगाने बुडावी, आणि तो वेग आपल्या इच्छेप्रमाणे कमीअधिक कसा करावा, हा त्यापुढील प्रश्न फारच थोड्यांच्या मनात येतो. ज्यांच्या मनात तो रात्रंदिवस घोळत असतो असा लोकांचा एक वर्ग जगात आहे. गळाला खरे आमिष न लावता पिसे, लोकर, रेशीम व तार यांची बनावट माशी बांधून मासा धरणारे हौशी लोक, ते हे होत. त्यांच्या या माशीचे वजन पुष्कळदा एकदोन गुंजांहून अधिक नसते. पण ती पाण्यात सेकंदास दोन इंच उतरेल की सहा इंच, हे ठरविण्यासाठी त्यांनी जी बुद्धी खर्च केली आहे ती पाहून कोणाही जिज्ञासू माणसास कौतुक वाटावे.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी मासा शिजत नाही, आणि तो शिजावा असा आमचा आग्रहही नाही. कोकणातील व गोव्यातील सारस्वत कुटुंबांतील वाचक या वाक्यास गालातल्या गालात हसतील, हे आम्ही जाणून आहो. तथापि प्रस्तुत लेखाचा विषय मासा नसून माशी आहे, आणि माशीतही गळ नसून धागा आहे. धाग्याचा विषय निघाला म्हणजे नागपूरच्या माणसास गांधीबागेची आठवण होणारच. लग्नसराईत साड्या, धोतरे व अहेराचे कापड घ्यावयास सारा विदर्भ ज्या पेठेत लोटतो, तिच्या आसपास सूत, रेशीम, लोकर, जर आणि काचेचे मणी हे सर्व मिळते. पलीकडे इतवारीत सराफाचा काटा आहे, आणि थोड्याच अंतरावर गांधीसागर तलावाचे पाणी आहे. माशी बांधणाऱ्यास लागणारी बहुतेक सामुग्री, तिचे वजन करण्याचे साधन आणि पाणी, ही तिन्ही अशी हाकेच्या अंतरावर आहेत. नाही ती एकच गोष्ट : या सामुग्रीकडे त्या दृष्टीने पाहण्याची आपल्या सुशिक्षित घरांतील सवय.

माशीला खोली कशास हवी?

नदीच्या तळाशी, दगडांच्या आडोशाने, अनेक कीटकांची पिले महिनेच्या महिने राहतात. आपल्याकडील चतुर हा त्यांतलाच एक. पंख फुटण्याची वेळ आली म्हणजे त्यांतील पुष्कळ जातींची पिले तळ सोडून वर येतात, आणि काही काळ पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगतात. मासा त्यांस वाटेत कोठेही गाठतो. पण त्याचे बहुतेक जेवण पाण्याखालीच होते. ते ज्या थरात होत असेल त्या थरात बनावट माशी पोचली नाही, तर ती कितीही हुबेहूब असो, मासा तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

यात अडचण प्रवाहाची आहे. समजा, पाणी सेकंदाला दीड फूट वाहते आहे आणि मासा तीन फूट खोल आहे. आपली माशी सेकंदास तीन इंच उतरत असेल, तर तेथे पोचावयास तिला १२ सेकंद लागतील, आणि तेवढ्या वेळात प्रवाह तिला १८ फूट खाली नेईल. तीच माशी सेकंदास सहा इंच उतरली, तर काम ६ सेकंदांत आणि ९ फुटांत होईल. म्हणजे काठावरच्या माणसाने माशी किती वर फेकावी, हे त्याच्या मनगटाने ठरण्यापूर्वीच माशी बांधणाऱ्याच्या बोटांनी ठरलेले असते. फारच जड माशीही कामाची नाही. ती दगडात अडकते, अथवा सजीव कीटकासारखी न वाहता खड्यासारखी पडते. तेव्हा प्रश्न केवळ 'बुडविण्याचा' नसून 'हवे तेवढेच बुडविण्याचा' आहे.

जुना छंद, जुने वाद

ही हौस अलीकडची नव्हे. सुमारे १८०० वर्षांपूर्वी ईलियन नावाच्या रोमन ग्रंथकाराने मॅसिडोनियातील कोळ्यांचे वर्णन लिहून ठेविले आहे. तेथील लोक गळाभोवती तांबडी लोकर गुंडाळीत व तीवर कोंबड्याच्या मानेकडील दोन पिसे बसवीत, असे तो सांगतो. लोकर पाणी शोषते व पीस पाण्यास अडविते, या दोन गुणांचा संयोग तेव्हाच झाला होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आपल्याकडे बनावट माशीची परंपरा आढळत नाही. पण गळाने मासा धरण्याच्या कलेवर एका राजाने लिहिलेले प्रकरण मात्र आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. ही कल्याणी म्हणजे आपल्या सरहद्दीलगतचे, बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख याच ग्रंथात असल्यामुळे मराठी अभ्यासकांस तो परिचित आहे. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये 'मत्स्यविनोद' हे प्रकरण असून, माशांचे प्रकार, त्यांस घालावयाचे खाद्य, गळ व दोरी यांचा विचार त्यात केला आहे. श्रीगोंदेकरांनी संपादिलेला हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२५ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाला. पाकक्रिया, संगीत व राजनीती यांच्या पंक्तीस मत्स्यविनोदाला बसविताना त्या विद्वान राजास संकोच वाटला नाही. जे काम हाताने होते ते लिहून ठेवण्याच्या योग्यतेचे नाही, ही समजूत आपल्यात मागाहून बळावली असावी.

इंग्लंडमध्ये या विषयास शास्त्रार्थाचे रूप आले. १८८६ साली हॅल्फर्ड नावाच्या गृहस्थाने तरंगणाऱ्या माशा कशा बांधाव्यात यावर ग्रंथ लिहिला. त्याच्या अनुयायांनी तर असा दंडकच घातला की, सभ्य माणसाने कोरडी, म्हणजे पृष्ठभागावर तरंगणारी माशीच वापरावी. पाण्याखाली जाणारी माशी त्यांच्या लेखी ओवळी झाली. स्क्यूज या वकिलाने १९१० साली पुस्तक लिहून या सोवळ्यास आव्हान दिले. मासा पाण्याखाली जेवत असता त्याच्या डोक्यावर कोरडी माशी नाचविण्यात कोणता धर्म आहे, असा त्याचा एकंदर रोख होता. हा वाद इतका चिघळला की, १९३८ सालच्या फेब्रुवारीत लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात त्यावर रीतसर चर्चा ठेवावी लागली. तेव्हा स्क्यूज ऐंशीच्या घरात होता. पाण्याच्या पृष्ठभागाखालील दोन इंचांसाठी पन्नास वर्षे भांडणारे लोक पाहिले म्हणजे आपल्याकडील शास्त्रीमंडळींचे वाद फारसे निराळे वाटत नाहीत.

या वादाचा निकाल अखेर पंडितांनी नव्हे, तर नदीच्या एका राखणदाराने लावला असे म्हणता येईल. विल्टशायरमधील एव्हन नदीवर नोकरीस असलेल्या फ्रँक सॉयर याने बारीक तांब्याची तार धाग्याऐवजी वापरून, तिनेच फेझंट पक्ष्याच्या शेपटीतील पिसांचे तंतू गळावर बांधले. दुसरा धागा नाही, मणी नाही, चमक नाही. तार हेच बंधन आणि तार हेच वजन! बांधणी इतकी निमुळती की पाण्यास अडविण्यासारखे तीत काही उरतच नाही. १९५८ साली त्याचे पुस्तक निघाले आणि ही दोन जिनसांची माशी जगभर गेली.

बुडण्याची तीन सूत्रे

आता या सर्व युक्त्यांच्या मुळाशी काय आहे ते पाहू. माशीचा बुडण्याचा वेग तीन गोष्टींवर अवलंबून असतो : पाण्यात उरणारे वजन, पाण्यास होणारा अडथळा, आणि अंगात अडकलेली हवा.

पहिली गोष्ट वजनाची. आर्किमिडीजचा सिद्धांत सर्वांस ठाऊक आहे : वस्तू जेवढे पाणी बाजूस सारते तेवढ्या पाण्याच्या वजनाइतके तिचे वजन पाण्यात कमी भरते. आपल्या जुन्या मापांत सांगावयाचे तर एक तोळा म्हणजे १२ मासे. (मासा पकडण्याच्या लेखात मासा हे वजन यावे, हा केवळ भाषेचा विनोद समजावा.) हवा पूर्णपणे निघून गेलेले एक तोळा सूत पाण्यात सुमारे ४ मासे भरते, रेशीम सुमारे ३ मासे, लोकर त्याहून किंचित कमी, आणि नायलॉन अवघे दीड मासा. उलट पितळ साडेदहा मासे भरते, व शिसे जवळजवळ ११. पॉलिप्रॉपिलीन नावाचा आणखी एक कृत्रिम धागा तर पाण्याहूनही हलका असल्यामुळे तरंगतोच. गांधीबागेच्या दुकानात एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेविलेल्या रिळांचा पाण्यातील स्वभाव इतका भिन्न असतो.

सर्वांत जड साहित्य म्हणजे टंगस्टन. विजेच्या जुन्या दिव्यातील तार ज्या धातूची असे तोच हा. त्याची घनता सुमारे १९.३ असून सोन्याची घनताही जवळजवळ तेवढीच आहे. म्हणून पाण्यात तोलून मुकुटातील सोन्याची परीक्षा करणाऱ्या आर्किमिडीजपुढे कोणी टंगस्टन ठेविला असता, तर त्या कसोटीस तो उतरला असता! हल्ली माशीच्या डोक्याशी टंगस्टनचा बारीक मणी ओवतात.

येथे दुसरी गोष्ट आडवी येते. एकाच आकाराचे दोन मणी घ्यावेत, एक पितळेचा व एक टंगस्टनचा. पाण्यात टंगस्टनच्या मण्याचे वजन पितळेच्या मण्याच्या सुमारे अडीचपट भरते. मग तो अडीचपट वेगाने बुडेल काय? नाही, सुमारे दीडपटच. कारण वेग वाढला म्हणजे पाण्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जातो. ढोबळ मानाने, वेग दुप्पट करावयाचा तर वजन चौपट पाहिजे. यामुळे केवळ तार गुंडाळीत जाणारा नवशिक्या लवकरच निराश होतो. तारेचे वेढे दुप्पट केले तर वजन वाढते खरे, पण शरीरही जाड होते, आणि मिळालेल्या वेगाचा काही भाग जाडी खाऊन टाकते.

म्हणून जाणता माणूस वजन वाढविण्यापूर्वी पसारा कमी करतो. मानेभोवती पिसाचे चार वेढे असतील तेथे दीड ठेवतो. लोकरीचे तंतू विरळ पसरतो. अंग गुळगुळीत व निमुळते बांधतो. बारीक दोरी वापरतो. याच्या उलट माशी हळूहळू उतरावी अशी इच्छा असेल, तर तेच पीस दाट लावतो. वजनाची जागाही महत्त्वाची आहे. तार पुढे असली तर माशी डोक्याकडून सूर मारते. मध्यभागी असली तर आडवी, सावकाश उतरते. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या पण आतून कमीअधिक तार भरलेल्या माशा डबीत ओळखू याव्यात म्हणून डोक्याशी निराळ्या रंगाच्या धाग्याने गाठ मारण्याची त्यांची रीत आहे. पोटातले वजन डोक्यावरच्या रंगाने सांगावयाचे, ही युक्ती आमच्या गृहिणींस मसाल्याच्या डब्यांवरूनही सुचण्यासारखी आहे.

तिसरी गोष्ट हवेची, आणि ती आपल्या कापसाच्या मुलुखास सर्वांत जवळची. बोंडातून काढलेला कापूस पाण्यावर टाकावा. तो बराच वेळ तरंगत राहील. तंतू पाण्याहून जड असूनही तो तरतो, कारण त्याच्या अंगावर निसर्गतः मेणाचा बारीक थर असतो, आणि त्यामुळे तंतूंमधील हवा पाण्यास वाट देत नाही. तोच कापूस क्षाराच्या पाण्यात उकळून मेण काढून टाकले, म्हणजे तो जखमेवर बांधावयाचा कापूस होतो, आणि पाण्यावर टाकताच खाली जातो. औषधकोशात या कापसाची परीक्षाच अशी ठरविली आहे की, विहित रीतीने पाण्यात टाकल्यावर तो १० सेकंदांच्या आत बुडाला पाहिजे. बुडण्याचा वेग हा केवळ हौशी लोकांचा खेळ नसून रोग्याच्या जखमेचा रक्तस्राव कापूस टिपील की नाही हे सांगणारी कसोटी आहे, हे यावरून दिसेल.

माशी बांधणाऱ्यांनी हेच तत्त्व दोन्ही बाजूंनी वापरले. तरंगणाऱ्या माशीसाठी ते बदकाच्या शेपटीजवळील तैलग्रंथीभोवतीची पिसे घेतात. स्वित्झर्लंडच्या जुरा पर्वताकडील ही जुनी रीत आहे. पूर्वीच्या काळी रेशमी दोरीस चरबी चोळली तर ती तरे, न चोळली तर बुडे. उलट माशीजवळची बारीक दोरी चटकन पाण्याखाली जावी म्हणून मुलतानी माती, ग्लिसरीन व साबण यांचा लगदा करून तिला पुसतात, म्हणजे तिच्यावरील तेलकटपणा जातो. आमच्या भगिनी जी मुलतानी माती तोंडास लावतात तिचा हा उपयोग त्यांस नवा वाटेल. पण दोन्हीकडे तिचे काम एकच, तेल ओढून घेणे.

घरच्या घरी परीक्षा

यासाठी गळ नको, नदी नको, जीवहत्या तर नकोच. एक उंच काचेचे पात्र अथवा पारदर्शक बाटली घ्यावी, तिच्यावर इंचांच्या खुणा कराव्यात, आणि मुलांस पुढीलप्रमाणे करावयास सांगावे. सारख्या लांबीच्या लहान काड्यांवर (भेंड घेऊ नये, तो तरतो; तांब्याच्या तारेचे तुकडे बरे) एकावर सूत, दुसऱ्यावर रेशीम, तिसऱ्यावर लोकर, सारखेच वेढे घालून गुंडाळावी. प्रथम कोरड्याच टाकाव्यात. नंतर पाण्यात पिळून, हवा काढून टाकाव्यात. मग एकीवर कोंबडीचे अथवा कबुतराचे गळून पडलेले पीस बांधून पाहावे. नंतर त्याच पिसाचे निम्मे तंतू कातरून पुन्हा पाहावे. हल्ली घरोघरी असलेल्या मोबाइलच्या कॅमेऱ्याने संथ गतीचे चित्र घेतले म्हणजे वेग मोजणे अगदीच सोपे होते. प्रत्येक प्रयोग पाच वेळा करून मधले उत्तर वहीत मांडावे. वजन चौपट केल्यावर वेग जवळजवळ दुप्पटच होतो, हे ज्या मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, त्यास वर्गमुळाची भीती राहणार नाही, अशी आमची खात्री आहे.

जिज्ञासू मुलांनी याच्याच जोडीस पावसाळ्यातील गढूळ पाणी ठेवून पाहावे. मातीचे अत्यंत सूक्ष्म कण दिवसचे दिवस खाली बसत नाहीत. कारण इतक्या बारीक कणांचा वेग त्यांच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, असे स्टोक्स या गणितज्ञाने १८५१ साली दाखविले. कण निम्मा केला तर वेग चतुर्थांश होतो. आपल्या आजीबाई त्या पाण्यात तुरटी फिरवीत. तुरटीने कण एकमेकांस चिकटून मोठे पुंजके होतात, आणि पुंजके झटपट तळाशी बसतात. आजीबाईंनी स्टोक्स वाचला नव्हता. पण वस्तूचा आकार बदलून तिचा बुडण्याचा वेग बदलावा, हे माशी बांधणाऱ्याचेच तत्त्व त्या रोज सकाळी हंड्यात वापरीत होत्या.

आपल्या शेजारचे जाणकार

विदर्भातील तलावांवर ढिवर व भोई बंधू पिढ्यान् पिढ्या मासेमारी करीत आले आहेत. हाताने फेकावयाच्या गोल जाळ्याच्या घेरास ते शिशाच्या गुंड्या ओवतात. जाळे पाण्यावर गोल पसरले पाहिजे आणि मासा निसटण्यापूर्वी त्याची कड तळास टेकली पाहिजे. गुंड्या कमी पडल्या तर मासा खालून जातो. जास्त झाल्या तर फेकणाऱ्याचा खांदा भरून येतो. सुती जाळ्याच्या जागी नायलॉनचे आले तेव्हा हे सगळे गणित बदलले. वर सांगितल्याप्रमाणे नायलॉन पाण्यात सुतापेक्षा पुष्कळ हलके भरते. पण तेवढ्याच बळकटीस त्याचा धागा बारीक पुरतो व पाणी कमी अडते. एकीकडे तोटा, दुसरीकडे लाभ. हा हिशेब जाळे विणणाऱ्याच्या बोटांत असतो. टंगस्टन आणि पितळ यांच्यामधला इंग्रज हौशी माणसाचा हिशेब याहून वेगळा नाही. फरक एवढाच की एकाने तो ग्रंथात मांडला, व दुसऱ्याचा ग्रंथ कोणी लिहिला नाही. हेच ढिवर बंधू भंडारा व गडचिरोलीकडे ऐन व अर्जुन वृक्षांवर टसर रेशमाचे किडेही पाळतात. पाणी आणि धागा ही दोन्ही शास्त्रे एकाच हातात असलेला हा समाज आहे.

हौसेची किंमत

कोणत्याही हौसेची किंमत कोणीतरी देत असतो, आणि ती सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. शिसे स्वस्त, मऊ व जड. म्हणून शतकानुशतके वजनासाठी तेच वापरले. परंतु हंस अन्न दळण्यासाठी तळातील खडे गिळतात, आणि खड्यांबरोबर पाण्यात पडलेल्या शिशाच्या गुंड्याही गिळतात. विषबाधेने हंस मरू लागले तेव्हा ब्रिटनमध्ये १९८७ साली बहुतेक आकारांच्या शिशाच्या वजनांवर बंदी आली. टंगस्टनचा प्रसार होण्यास हेही एक कारण झाले. आपल्या तलावांवरही हिवाळ्यात दूरदूरची बदके उतरतात, हे जाळ्याच्या गुंड्या निवडताना विसरता कामा नये.

सह्याद्रीत व मध्य भारतातील जंगलांत राहणाऱ्या राखी रानकोंबड्याच्या मानेवर मिन्याच्या थेंबासारखे ठिपके असलेली पिसे असतात. विलायती माशांच्या शोभेसाठी त्यांची निर्यात होत असे, आणि तीपायी किती पक्षी मारले गेले असतील याची कल्पनाच केलेली बरी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्यास आता अभय दिले आहे. माशांच्या बाबतीतही दृष्टी बदलली आहे. पुण्याजवळच्या नद्यांतील ज्या महाशीराचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्सने १८३९ साली 'खुद्री' या नावाने केले, त्याची संख्या घटू लागल्यावर टाटा कंपनीने लोणावळ्याजवळ वळवण येथे १९७० नंतरच्या दशकात त्याची पैदास हाती घेतली. पुष्कळ हौशी लोक आज काटा नसलेला गळ वापरतात, व धरलेला मासा पुन्हा पाण्यात सोडतात. हे पुरेसे आहे काय, याविषयी अहिंसावादी वाचकांचे मत निराळे असू शकेल, आणि त्यांस तो अधिकार आहे.

हरवलेला धागा

शेवटी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आमच्या मते या विषयातील मर्म तीतच आहे. वर उल्लेखिलेल्या सॉयरची आणखी एक प्रसिद्ध माशी आहे. तिच्यासाठी तो चॅडविक कंपनीची, मोजे रफू करण्याची, ४७७ क्रमांकाची लोकर वापरी. कोरडी असता ती सामान्य करड्या रंगाची दिसे. पण भिजली म्हणजे तिच्यावर गुलाबी छटा येई, आणि तीच माशांस भुरळ घाली. १९६० नंतरच्या दशकात त्या लोकरीचे उत्पादन बंद झाले. दुकानदाराच्या दृष्टीने रफूच्या लोकरीचा एक रंग गेला, एवढेच झाले. परंतु तेव्हापासून हौशी लोक जुन्या पेट्यांतून त्या लोकरीची कार्डे शोधीत फिरतात व त्यांस भारी किंमत देतात. दुसऱ्या अनेक लोकरी पुढे आल्या. पण 'तीच ती' असे कोणासही छातीवर हात ठेवून म्हणता आले नाही.

नागपुरास ही कथा परकी वाटू नये. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथे १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली आणि २००२ साली बंद पडली. कोष्टी बांधवांच्या कित्येक घरांतून हातमाग गेले व यंत्रमाग आले. गिरणीबरोबर आणि मागाबरोबर केवळ कापड जात नाही. सूत बोटांत धरताच त्याचा नंबर सांगणारा, कोणत्या पेळूचे सूत पाणी किती पिईल हे जाणणारा, कोणता धागा भिजल्यावर आवळतो व कोणता सैल पडतो हे अंधारातही ओळखणारा माणूस जातो. त्याचे ज्ञान कोणत्याही परीक्षेस नेमलेले नसल्यामुळे ते गेल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. इंग्लंडमध्ये एका राखणदाराने आपल्या दोन जिनसांच्या माशीवर पुस्तक लिहिले, म्हणून त्याची लोकर गेली तरी तिची आठवण उरली. आपल्याकडे लोकरही जाते आणि आठवणही जाते.

म्हणून आमची वाचकांस विनंती एवढीच आहे. पुढील खेपेस लग्नाच्या खरेदीसाठी गांधीबागेत जाल, तेव्हा मुलांस बरोबर न्यावे, आणि सुताची, रेशमाची, लोकरीची चार रिळे घेऊन घरी बरणीतील पाण्यात त्यांची परीक्षा करावी. घरात रफू, विणकाम किंवा भरतकाम जाणणाऱ्या वडीलधाऱ्या स्त्रिया असतील तर कोणता धागा कसा वागतो हे त्यांस विचारून वहीत उतरून घ्यावे. कोणी विणकर अथवा जाळे विणणारा ओळखीचा असेल तर त्याच्याजवळ बसून त्याचेही लिहून घ्यावे, आणि त्याचे नाव त्याच्या परवानगीने वहीच्या पहिल्या पानावर घालावे. वजन थोडे, धागा बारीक, आणि गाठ योग्य जागी असली म्हणजे वस्तू नेमकी हव्या त्या खोलीस पोचते. ती गाठ कोठे मारावी हे ज्यांस ठाऊक आहे ती माणसे अजून आपल्यात आहेत, तोवर त्यांस विचारून घेणे हे सुशिक्षित घरांचे काम आहे.